लवाद की कायदा? गोपीनाथ मुंडे यांच्या राजकारणाचा हिशेब

ज्या जिल्ह्याने १९५२ साली पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना, १९६७ साली कम्युनिस्ट पक्षाच्या क्रांतिसिंह नाना पाटील यांना, १९७७ साली मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे यांना आणि १९८९ साली जनता दलाच्या बबनराव ढाकणे यांना लोकसभेत पाठवले, तो बीड जिल्हा आज डाव्या विचाराच्या नकाशावरून जवळजवळ पुसला गेला आहे. मतदार तेच, दुष्काळ तोच, बालाघाटाचा माळ तोच, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या टोळ्याही त्याच. बदलले ते या माणसांच्या असंतोषाचे पुढारपण. हा बदल कोणी घडवला, कसा घडवला आणि त्यातून श्रमिकांच्या पदरात काय पडले, या प्रश्नांचे उत्तर गोपीनाथ पांडुरंग मुंडे या एका माणसाच्या कारकिर्दीचा हिशेब मांडल्याशिवाय देता येत नाही.

मुंडे यांचे निधन ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघाताने झाले. त्यानंतरच्या काळात त्यांच्याविषयी जे बोलले आणि लिहिले गेले, त्यात गौरव पुष्कळ आणि मीमांसा थोडी आहे. मृत नेत्याविषयी कटू बोलू नये हा संकेत व्यक्तिगत जीवनापुरता योग्यच आहे. परंतु ज्याच्या नावावर आजही मते मागितली जातात, ज्याच्या नावाने महामंडळ चालते, त्याचे राजकारण टीकेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही.

प्रथम त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे, कारण विरोधकाचे बळ कमी लेखून लिहिलेली टीका कार्यकर्त्यांची दिशाभूल करते. परळी तालुक्यातील नाथरा या खेड्यात १२ डिसेंबर १९४९ रोजी एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या माणसाला कोणताही राजकीय वारसा नव्हता. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि शिक्षणसंस्था या त्रिकोणावर उभी असलेली काँग्रेसची सत्ता घराण्याघराण्यांत वाटली गेली होती. त्या व्यवस्थेत वंजारी समाजातील एका तरुणाला दाराबाहेर उभे राहण्यापलीकडे जागा नव्हती. अंबाजोगाईच्या महाविद्यालयीन दिवसांत प्रमोद महाजन यांच्याशी जुळलेली मैत्री, विद्यार्थी परिषदेचे काम, आणीबाणीतील तुरुंगवास, १९८० साली रेणापूरमधून विधानसभेत प्रवेश, १९८५ सालचा पराभव, १९९० साली पुनरागमन आणि १९९१ च्या अखेरीस विरोधी पक्षनेतेपद हा प्रवास कष्टाचा होता. विधानसभेत शरद पवार यांच्या सरकारला त्यांनी ज्या आवेशाने आव्हान दिले, ते त्या काळी इतर कोणाला साधले नव्हते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर त्यांनी शिवसेनेहून वेगळी भूमिका घेतली. २०१० साली लोकसभेत इतर मागासवर्गीयांच्या जातनिहाय जनगणनेची मागणी त्यांनी केली, तीही आपल्या पक्षातील अनेकांची नाराजी पत्करून. हे सारे नाकारण्याचे कारण नाही.

मात्र हे मान्य केल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भारतीय जनता पक्षाला बहुजनांचा चेहरा हवा होता. वसंतराव भागवत यांनी माळी, धनगर आणि वंजारी या तीन समाजांना पक्षाशी जोडण्याची जी आखणी केली, ती ‘माधव’ या नावाने ओळखली जाते. मुंडे हे तिचे सर्वांत यशस्वी फळ. चेहरा बहुजनांचा, पण धोरण कोणाचे? प्रतिगामी राजकारणाचे सामर्थ्य नेमके याच ठिकाणी असते. ते श्रमिकांना उघड विरोध करत नाही. श्रमिकांमधूनच एक पुढारी उचलते, त्याला मान देते, त्याच्या मिरवणुका काढते आणि त्याच्या मागून आलेल्या समूहाला त्याच्या अभिमानात गुंतवून ठेवते.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असे नव्हे. अमेरिकेत १९६७ ते १९७५ या काळात कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर असलेले रोनाल्ड रेगन हे पूर्वी चित्रपट कलावंतांच्या कामगार संघटनेचे अध्यक्ष होते. सामान्य घरातून आलेला, सामान्य माणसाच्या भाषेत बोलणारा नेता म्हणून त्यांचा लौकिक होता. त्यांच्याच राज्यात सीझर चावेझ यांच्या नेतृत्वाखाली द्राक्षमळ्यांतील स्थलांतरित मजुरांचा संप १९६५ ते १९७० अशी पाच वर्षे चालला. ग्राहकांनी द्राक्षांवर बहिष्कार टाकावा अशी हाक मजुरांनी दिली, तेव्हा गव्हर्नरसाहेब उघडपणे मळेवाल्यांच्या बाजूला उभे राहिले. शेतमजुरांना संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा कॅलिफोर्नियात १९७५ साली झाला, तो रेगन पायउतार झाल्यावर. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर याच माजी संघटनाध्यक्षाने १९८१ साली संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक विमान वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात कामावरून काढून टाकले. नेत्याचा जन्म कोणत्या घरात झाला यावरून त्याच्या राजकारणाची बाजू ठरत नाही, हा या इतिहासाचा धडा आहे. सत्ता हाती आल्यावर त्याने कोणाच्या हक्काचा कायदा केला, ही एकच कसोटी खरी. मुंडे यांची कारकीर्द याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

१४ मार्च १९९५ रोजी शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि मुंडे उपमुख्यमंत्री झाले. गृह आणि ऊर्जा ही दोन वजनदार खाती त्यांच्याकडे आली. निवडणुकीच्या प्रचारात त्यांनी दोन आश्वासने दिली होती. एक, राजकारणाचे गुन्हेगारीकरण मोडून काढू आणि दाऊदला भारतात आणू. दुसरे, दाभोळचा एन्रॉन प्रकल्प समुद्रात बुडवू.

पहिल्या आश्वासनाचे काय झाले हे सांगायला नको. विरोधी बाकांवरून ज्यांच्यावर आरोपांच्या फैरी झाडल्या, त्यांच्याविरुद्ध सत्तेत आल्यावर साडेचार वर्षांत एकही आरोप न्यायालयात सिद्ध करून दाखवण्यात आला नाही. दुसऱ्या आश्वासनाची कथा अधिक उद्बोधक आहे. मुंडे यांच्याच अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाच्या उपसमितीने एन्रॉनचा करार तपासला. स्पर्धात्मक निविदांशिवाय, गुप्ततेत आणि राज्याच्या हिताविरुद्ध हा करार झाला, असा ठपका तिने ठेवला. ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली आणि समाजवादी, डाव्या पक्षांचे कार्यकर्तेसुद्धा क्षणभर हर्षभरित झाले. पण नोव्हेंबरात एन्रॉनच्या अधिकारी रिबेका मार्क मुंबईत येऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, फेरवाटाघाटींची समिती नेमली गेली आणि जानेवारी १९९६ मध्ये तोच प्रकल्प नव्या कराराने पुन्हा जिवंत झाला. केवळ जिवंतच झाला नाही, तर वाढला. पूर्वीच्या करारात दुसरा टप्पा ऐच्छिक होता. नव्या करारात दोन्ही टप्पे राज्य वीज मंडळावर बंधनकारक झाले आणि क्षमता २,०१५ मेगावॅटवरून २,१८४ मेगावॅटवर गेली. निविदा याही वेळी निघाल्या नाहीत. केंद्रातील वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारने, संसदेत बहुमत सिद्ध झालेले नसताना, या प्रकल्पाच्या प्रतिहमीस मान्यता देऊन टाकली.

परिणाम काय झाला? मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्यातील वीज सुरू झाली आणि तिच्या दराने वीज मंडळाचे कंबरडे मोडले. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. डिसेंबर २००१ मध्ये ह्यूस्टनची ही बलाढ्य कंपनी स्वतःच दिवाळखोरीत गेली. मधल्या काळात गुहागरच्या परिसरातील ज्या शेतकऱ्यांनी, मच्छीमारांनी आणि स्त्रियांनी प्रकल्पाला विरोध केला, त्यांच्यावर लाठ्या चालल्या, त्यांना तुरुंगात डांबले गेले. १९९७ मध्ये मेधा पाटकर यांनाही अटक झाली. ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये या दडपशाहीवर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हा पोलीस ज्यांच्या खात्याखाली होते आणि वीज ज्यांच्या खात्याखाली होती, ते मंत्री एकच होते. ज्याने प्रकल्प बुडवण्याची शपथ घेतली, त्याच्याच राज्यात प्रकल्प वाचवण्यासाठी गावकऱ्यांवर काठी उगारली गेली.

गृहखात्याचा उरलेला हिशेबही याच जातीचा आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त जमावावर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा दलितांचे प्राण गेले. हा गोळीबार असमर्थनीय होता, असा निष्कर्ष पुढे न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने काढला. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग याच सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला आणि मे महिन्यात तो पुन्हा नेमावा लागला. त्याचा अहवाल ऑगस्ट १९९८ मध्ये विधिमंडळासमोर आला, तेव्हा सरकारने त्याचे निष्कर्ष फेटाळून लावले. बहुजनांचा कैवारी गृहमंत्री असताना बहुजनांपैकी जे सर्वांत दुर्बल, त्यांना गोळी मिळाली, आणि अल्पसंख्याकांच्या वाट्याला न्यायाऐवजी बासनात गुंडाळलेला अहवाल आला.

आता ज्या प्रश्नावर मुंडे यांची सारी लोकप्रियता उभी राहिली, त्या ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाकडे वळू.

साखर धंद्याच्या अर्थकारणात एक विलक्षण विषमता आहे. उसाचा भाव कायद्याने ठरतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार केंद्र सरकार किमान दर जाहीर करते आणि ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. साखरेचा किमान विक्रीदरसुद्धा २०१८ पासून सरकारने ठरवून दिला. म्हणजे उसाला कायद्याचे संरक्षण आणि साखरेलाही कायद्याचे संरक्षण. या दोहोंच्या मध्ये पहाटेच्या थंडीत पाचटावर उभा राहून जो ऊस तोडतो, मोळ्या बांधतो आणि डोक्यावरून गाडीत भरतो, त्याचा दर मात्र कायद्याने ठरत नाही. तो ठरतो लवादाने. आणि लवाद म्हणजे काय? एका बाजूने शरद पवार, दुसऱ्या बाजूने गोपीनाथ मुंडे. पुढे मुंडे यांच्या जागी त्यांच्या कन्या पंकजा मुंडे. लाखो मजुरांचे वेतन बंद दाराआड दोन पुढाऱ्यांच्या सौजन्यावर अवलंबून ठेवणारी अशी व्यवस्था लोकशाही देशात शोभत नाही.

या व्यवस्थेचे मर्म समजून घेतले पाहिजे. मजुराला हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळते. ती फेडण्यासाठी नवरा-बायकोने मिळून राबायचे आणि दोघांची गणना ‘एक कोयता’ म्हणून व्हायची. म्हणजे बाई पुरुषाइतकीच राबते, पण हिशेबाच्या वहीत तिचे नावसुद्धा नसते. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जाणे भाग पडते. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर कारखान्याचा हस्तक. मालक कोण हेच ठरत नसल्याने भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई, बाळंतपणाची रजा, किमान वेतन यांपैकी कशाचीही जबाबदारी कोणावरच येत नाही. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा हे दोन्ही मुंडे सत्तेवर आले तेव्हा पुस्तकात होते. मजूर कर्नाटकातही जात होते. त्या कायद्यांचा अंमल फडापर्यंत पोचवणे हे काम सरकारचेच होते.

ऊसतोड मजुरांच्या हाती एक मोठे शस्त्र आहे. गाळपाचा हंगाम सुरू होताना ऊस तोडणीला आलेला असतो, बँकेचे व्याज चालू असते आणि प्रत्येक दिवसाच्या विलंबाने उसाचे वजन आणि उतारा घटतो. त्या दोन-तीन आठवड्यांत कारखानदार सर्वांत दुबळा आणि मजूर सर्वांत प्रबळ असतो. खऱ्या कामगार संघटनेने या क्षणी कायमस्वरूपी हक्क वसूल करून घेतले असते. लवादाचे राजकारण नेमके उलटे करते. संपाची हाक दिली जाते, कोयते म्यान होतात, नेत्याच्या नावाचा जयजयकार होतो, मग नेता मुंबईला किंवा पुण्याला जातो, काही टक्क्यांची वाढ घेऊन परततो आणि टोळ्या मार्गस्थ होतात. संपाची शक्ती मजुरांची आणि वाटाघाटीचे श्रेय नेत्याचे. त्यात वाटाघाटीच्या मेजावर मजुरांच्या बाजूने बसलेले मुंडे हे स्वतः परळीच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्याचे संस्थापक होते. कारखान्याचे हित आणि कोयत्याचे हित यांत जेथे विरोध असेल तेथे एकच माणूस दोहोंचा प्रामाणिक वकील कसा होऊ शकतो? हा प्रश्न त्यांच्या हेतूविषयी नाही, व्यवस्थेविषयी आहे. न्यायाधीश आणि पक्षकार एकच असू नये हे तत्त्व गावच्या पंचायतीलाही ठाऊक असते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. मुंडेसाहेब नसते तर ही दरवाढही मिळाली नसती, त्यांच्यामुळे मजुराला आवाज मिळाला, असे सांगितले जाते. आक्षेप गंभीर आहे म्हणून त्याचा विचार आकड्यांनी करू. ऑक्टोबर २०२० मध्ये जी वाढ झाली ती १४ टक्क्यांची होती आणि त्यानंतरची वाढ जानेवारी २०२४ मध्ये, ३४ टक्क्यांची, जाहीर झाली. महागाई वर्षाला केवळ ५ टक्के धरली तरी तीन वर्षांत किमती चक्रवाढीने सुमारे १६ टक्के वाढतात. म्हणजे तीन वर्षांसाठी दिलेली १४ टक्क्यांची वाढ ही मुदत संपेपर्यंत वाढ राहतच नाही, ती घट ठरते. ३४ टक्के हा आकडा कानाला मोठा लागतो, पण तो मागचे खड्डे बुजवण्यात किती जातो आणि खरी वाढ किती उरते, हे मजुराला कोणी सांगत नाही. शिवाय ही वाढ हंगाम निम्मा सरल्यावर जाहीर झाली. कायद्याने ठरलेल्या वेतनाला महागाई भत्ता जोडता येतो. लवादाने ठरलेल्या वेतनाला फक्त आभार जोडता येतात.

आणि पर्याय नव्हता असेही नाही. याच महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. हमालाचाही मालक कोण हे ठरत नव्हते, त्याचेही काम तुटक आणि अंगमेहनतीचे होते, त्यालाही टोळीचा मुकादम होता. परंतु अण्णासाहेब पाटील यांच्या माथाडी चळवळीने आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने प्रत्येक हमालाची नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य सेवा यांचा आग्रह धरला आणि तो कायद्यात उतरवला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकाराला आलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात रूपांतरित झाली आणि काम मागणे हा ग्रामीण गरिबाचा हक्क ठरला. याच धर्तीवर ऊसतोड मजुरांचा कायदा १९९५ ते १९९९ या काळात होऊ शकला असता. ऊसतोड मजुरांचा नेता उपमुख्यमंत्री होता, त्याचा पक्ष सत्तेत होता. तरीही साडेचार वर्षांत तो कायदा झाला नाही. एन्रॉनचा करार काही महिन्यांत नव्याने लिहिता येतो, आणि कोयत्याचा कायदा साडेचार वर्षांत लिहिता येत नाही. या एका तुलनेत साऱ्या कारकिर्दीचा निवाडा आहे.

कायदा नसल्याची किंमत कोणी मोजली? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. खाडा पडू नये, मासिक पाळीत काम बुडू नये, फडावर शौचालय नाही, पाणी नाही, औषध नाही, म्हणून ऐन तारुण्यात शरीराचा अवयव काढून टाकण्याची पाळी ज्या अर्थव्यवस्थेत येते, ती अर्थव्यवस्था कोणत्या नेत्याच्या पुतळ्याने पवित्र होणार आहे? मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले, गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याकडून १० रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाकडून अशी तरतूद झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु कल्याण आणि हक्क यांत अंतर आहे. कल्याण देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, तर हक्क नाकारला गेला तर न्यायालयात मागता येतो.

लोकशाहीच्या दृष्टीने आणखी एक प्रसंग विसरता येत नाही. जून २०१३ मध्ये मुंबईच्या एका जाहीर समारंभात मुंडे यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपण ८ कोटी रुपये खर्च केल्याचे सांगितले. तेव्हा खर्चाची मर्यादा २५ लाखांची होती आणि त्यांनी अधिकृतपणे दाखवलेला खर्च त्याहूनही कमी होता. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस बजावली. निवडणुकांचा खर्च शासनाने करावा या मुद्द्यासाठी ते बोलले असे समर्थन झाले. स्पष्टवक्तेपणाबद्दल टाळ्याही पडल्या. पण ज्या जिल्ह्यातील मतदार काही हजारांच्या उचलीसाठी सहा महिने घरदार सोडतो, त्याचा प्रतिनिधी होण्यासाठी जर कोट्यवधी लागत असतील, तर ते कोट्यवधी कोठून येतात आणि देणारा त्याच्या बदल्यात काय घेतो, हा प्रश्न टाळ्यांत बुडवून चालणार नाही.

व्यक्तिनिष्ठ राजकारणाचे पीक त्यांच्यामागेही उभे आहे. संघटनेचा वारसा सभासदांकडे जातो, तर व्यक्तीचा वारसा घराण्याकडे. ज्या माणसाने काँग्रेसच्या घराणेशाहीविरुद्ध दंड थोपटले, त्याच्या हयातीतच त्याच्या घरात वारशाचा कलह पेटला आणि पुतणे धनंजय मुंडे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. कन्या पंकजा मुंडे राज्यात मंत्री झाल्या, दुसऱ्या कन्या प्रीतम मुंडे २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेवर गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरात आरक्षणाच्या प्रश्नावरून बीड जिल्ह्यात आमदारांची घरे जळाली. २०२४ ची लोकसभा निवडणूक मराठा विरुद्ध वंजारी अशा उघड जातीय ध्रुवीकरणात झाली आणि साडेसहा हजारांच्या फरकाने पंकजा मुंडे पराभूत झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाची निर्घृण हत्या झाली. त्या प्रकरणात निकटच्या सहकाऱ्यावर आरोपपत्र दाखल झाल्यावर धनंजय मुंडे यांना मार्च २०२५ मध्ये मंत्रिपद सोडावे लागले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण वर्गाच्या जागी जात आणि संघटनेच्या जागी व्यक्ती आली की राजकारणाचा शेवट कोठे होतो, याची साक्ष आजचा बीड जिल्हा देत आहे. मराठा अल्पभूधारक आणि वंजारी ऊसतोड मजूर हे दोघेही एकाच कोरडवाहू मातीचे, एकाच सावकाराचे आणि एकाच कारखान्याचे बळी आहेत. त्या दोघांनी एकमेकांच्या दुकानांवर बहिष्कार घालण्याची भाषा करावी, हे प्रतिगामी राजकारणाचे सर्वांत मोठे यश आहे.

या यशात समाजवाद्यांचा वाटा नाही असे म्हणणे आत्मवंचना ठरेल. १९७७ साली जनता पक्षात समाजवादी आणि जनसंघ एकत्र नांदले. दुहेरी सदस्यत्वाचा प्रश्न १९७९ मध्ये पेटेपर्यंत जनसंघाच्या तरुणांनी खेड्यापाड्यांत प्रतिष्ठा मिळवली होती. अंबाजोगाई-केज परिसरात बापूसाहेब काळदाते यांच्यासारख्यांनी जी भूमी नांगरली, तिच्यात पेरणी करायला समाजवाद्यांपाशी संघटना उरली नाही. फुटी आणि विलीनीकरणे यांच्या चक्रात चळवळ सत्त्व गमावत गेली. रिकाम्या जागेवर मुंडे उभे राहिले. त्यांनी मजुराला जो स्वाभिमान दिला, तो देण्याचे काम आधी समाजवाद्यांचे होते. म्हणूनच केवळ मुंडे यांच्यावर टीका करून कर्तव्य संपत नाही.

आता कर्तव्य काय ते स्पष्ट आहे. माथाडी कायद्याच्या धर्तीवर ऊसतोड कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला पाहिजे. ‘कोयता’ ही जोडप्याची गणना बंद होऊन स्त्री आणि पुरुष यांची स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र मजुरी, तीही प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यावर, मिळाली पाहिजे. कारखाना हाच मुख्य मालक आहे असे कायद्याने ठरले पाहिजे. दर ठरवण्याच्या मंडळावर मजुरांनी निवडलेले प्रतिनिधी बसले पाहिजेत, त्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि कोणत्याही कारखान्याच्या संचालकाला मजुरांच्या बाजूने बसण्यास मज्जाव असला पाहिजे. दराला महागाई निर्देशांक जोडला पाहिजे. ऊसतोडणी यंत्रांना सरकारी अनुदान देताना, यंत्राने ज्यांचे काम जाईल त्यांच्या पर्यायी रोजगाराची तरतूद आधी झाली पाहिजे. या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवर हंगामापूर्वीच पोचले पाहिजे आणि हंगामात फडावरच्या कोपीपर्यंत गेले पाहिजे. त्या कोपीत मुंडे यांची तसबीर लावलेली असेल. ती काढा असे सांगायला कोणी जाऊ नये. तसबिरीखाली बसूनच त्या माणसांना विचारावे की, तुमच्या मजुरीचा दर कोणी ठरवला, तुम्हाला विचारून ठरवला काय, आणि तो न देणाऱ्याला कोणत्या कायद्याने न्यायालयात खेचता येईल?

या तीन प्रश्नांचे उत्तर देता येईल असा कायदा ज्या दिवशी होईल, त्या दिवशी बीडच्या मजुराला लवादाची गरज उरणार नाही, आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्या कोणा साहेबाचीही नाही.